पाचव्या गिअरात माळशेज

माळशेज घाटातून आलेले लोक धबधब्यांचं सांगतात, ढगांचं सांगतात. मी तुम्हाला त्या घाटातल्या एका दगडाबद्दल सांगू शकतो, कारण तो माझ्या डोळ्यांसमोरून फार सावकाश गेला. इतका सावकाश, की त्यावर कुणा संतोषने स्वतःचं नाव रंगवून पुढे बदाम काढलाय आणि बदामापुढचं नाव नंतर कुणीतरी खरवडून टाकलंय, हे मी सगळं नीट वाचलं. संतोषचं पुढे काय झालं असेल यावर विचार करायलाही वेळ मिळाला. आमची मोटरसायकल त्या वेळी पाचव्या गिअरात होती.

पण आधी ही वेळ आली कशी ते सांगतो.

आम्ही घाटकोपरला असल्फ्याच्या टेकडीवर राहतो. मी मिलिंद. एका कुरिअर कंपनीच्या ऑफिसात बसून, लोकांची पार्सलं उशिरा का पोचली हे त्यांना पटवून देणं हे माझं काम. दिवसभर तेच केल्यावर माणूस घरीही तेच करायला लागतो. आमची गाडी पेट्रोल फार पिते हे माझ्या बायकोच्या, वैशालीच्या, लक्षात आलं तेव्हा मी तिला एकेक कारण पुरवत गेलो. टेकडीचा चढ, मेट्रोच्या कामाचं ट्रॅफिक, पंपावरची भेसळ, टायरमधली हवा. सगळी कारणं संपली तेव्हा मी शेवटचं काढलं.

"आपला पीसच खराब आलाय गं."

इथे माझी वाट लागली. वैशाली नर्स आहे. एकदा निदान झालं की ती उपचार लांबवत नाही.

"पीस खराब आहे ना? मग विकून टाकू. शेट्ये कधीपासून मागतोय."

शेट्येची आमच्या टेकडीच्या पायथ्याशी डेअरी आहे. त्याला दुधाचे कॅन अडकवायला एक गाडी हवी होती.

आता ही गाडी काय आहे ते तुम्हाला माहीत नाही. लग्नानंतर आम्ही दोघांनी मिळून घेतलेली ती पहिली मोठी वस्तू. वैशालीची रात्रपाळी सुटली की पहाटे तिला आणायला मी याच गाडीवर जायचो आणि ती मागे बसल्या बसल्या माझ्या पाठीवर डोकं टेकून झोपायची. सिग्नलला मी ब्रेक इतका हळू लावायचो की तिला जाग येऊ नये. त्या गाडीला दुधाचे कॅन?

"गाडी चांगली आहे," मी घाईघाईने म्हणालो.

"आत्ताच तर खराब म्हणालास!"

"म्हणजे तशी चांगली आहे."

"मग प्रशांतच्या गाडीशी लावून बघू," वैशाली म्हणाली.

प्रशांत माझा साडू. वैशालीच्या धाकट्या बहिणीचा, उज्ज्वलाचा नवरा. बोरिवलीला राहतो, बँकेत आहे आणि शब्द असे मोजून देतो की जणू काउंटरवरून नोटा देतोय. आम्ही दोघांनी एकाच दिवशी, मुलुंडच्या एकाच शोरूममधून, एकाच रंगाची एकच गाडी घेतली होती. त्याची गाडी झकास अ‍ॅव्हरेज देते. उज्ज्वला हे दर सणाला न विचारता सांगते.

दसरा झाल्यावर दोन्ही जोड्या सासुरवाडीला जाणारच होत्या. सासूबाईंचं गाव माळशेज चढून गेल्यावर, ओतूरच्या अलीकडे. ठरलं असं की मुलुंडला दोन्ही टाक्या भरायच्या, घाट चढून ओतूरच्या पंपावर पुन्हा भरायच्या आणि कुणाच्या टाकीत जास्त मावतं ते बघायचं. आमच्या गाडीने जास्त घेतलं तर ती शेट्येची.

मुलुंड चेकनाका

सकाळी पंपावर दोन्ही गाड्या जुळ्या भावांसारख्या शेजारी उभ्या राहिल्या. प्रशांतने टाकी भरली, झाकण लावलं आणि बाजूला झाला. मला मात्र आपल्या टाकीत हवेचा एक बुडबुडाही राहू नये असं वाटत होतं, म्हणून मी हँडल धरून गाडी गदागदा हलवली. पेट्रोल उसळलं आणि माझ्या पँटवर आलं.

"दादा, टाकीत भरायचं असतं ते," पंपावरच्या बाई म्हणाल्या.

"दाजींची पँट पण अ‍ॅव्हरेज देणार वाटतं आज," उज्ज्वला म्हणाली. तिचा दाजी मीच.

निघताना प्रशांतने हेल्मेट घालता घालता दिवसातलं पहिलं वाक्य उच्चारलं. "साडूभाऊ, चढाला लवकर खाली उतरा."

"कुठून?"

"गिअरवरून."

मी हसून सोडून दिलं. माझा सिद्धांत तयार होता. इंजिन जितकं कमी फिरेल तितकं कमी पिईल. पाचव्या गिअरला ते सगळ्यात सावकाश फिरतं. तेव्हा आख्खा घाट पाचव्यातच चढायचा. यात चूक दाखवून द्या! सपाट रस्त्यावर हे बरोबरही आहे, म्हणून तर माझा त्यावर इतका विश्वास होता. मुंबईकराला चढ म्हणजे काय माहीत असतो? फ्लायओव्हर. तो चढेपर्यंत उतार लागतो. टेकडीवर राहूनही मी काही शिकलो नव्हतो, कारण टेकडीवर गाडी बंद पडली की मी महापालिकेच्या रस्त्याला शिव्या देऊन मोकळा व्हायचो.

मुरबाडच्या पुढे

मुरबाड सोडल्यावर एका टपरीवर नाश्त्याला थांबलो. टपरीवाले काका स्टोव्हला पंप मारत होते. मी जवळ जाताच त्यांनी नाक वर केलं, माझ्या पँटकडे बघितलं आणि हात लांब करून रस्त्याची पलीकडची बाजू दाखवली.

"तिकडं. त्या आंब्याखाली. आणि बिडी नका पेटवू."

तर मी नाश्ता रस्त्यापलीकडे, आंब्याखाली, एकटा केला. आपल्याकडे घाटकोपर स्टेशनबाहेर वडापाव म्हणजे चालता चालता संपवायची गोष्ट, एका हातात मोबाइल, एका हातात वडा. इथे वडा बशीत, वर झणझणीत रस्सा ओतलेला, पाव वेगळा. घाई केली की शर्टावर. वैशाली बशी आणून द्यायला रस्ता ओलांडायची तेव्हा टपरीवर बसलेली माणसं मान वळवून बघायची. एकाने विचारलंसुद्धा, "भांडण झालंय का?"

"अजून नाही," वैशाली म्हणाली. "घाट यायचाय."

समोर सह्याद्रीची भिंत दिसायला लागली होती. पावसाळा सरलेला, पण डोंगर अजून हिरवा आणि त्यावर सोनकीच्या फुलांचा पिवळा शिडकावा. हे वर्णन मी परतल्यावर उज्ज्वलाच्या मोबाइलमधले फोटो बघून करतोय. त्या दिवशी माझं सगळं लक्ष इंजिनाच्या आवाजाकडे होतं.

घाट

चढ सुरू झाला. पहिल्या वळणापर्यंत माझा सिद्धांत उत्तम चालला, कारण तो सपाटीवरच्या वेगावर चालला होता. मग तो वेग संपला. मी ऍक्सिलरेटर थोडा पिळला. मग आणखी थोडा. मग मनगट जिथपर्यंत वळतं तिथपर्यंत. इंजिनातून ठक-ठक-ठक-ठक असा आवाज यायला लागला आणि पायाखाली गाडी थरथरू लागली.

"मिलिंद, हिला धाप लागलीय."

"धाप नाही गं. आरामात चाललीय."

"वॉर्डात असा आवाज आला की आम्ही डॉक्टरला बोलावतो."

पुढे प्रशांतची गाडी वळण यायच्या आधीच हलकेच खालच्या गिअरात जायची आणि एका सुरात गुणगुणत वर निघायची. त्याचं इंजिन माझ्यापेक्षा जास्त फिरतंय हे मला ऐकू येत होतं आणि मी मनात त्याचं वाया जाणारं पेट्रोल मोजत होतो. बिचारा.

टोमॅटोचे रिकामे क्रेट घेऊन परत जाणाऱ्या एका पिकअपने आम्हाला मागे टाकलं. ड्रायव्हरने डोकं बाहेर काढून विचारलं, "पंक्चर हाय का?" मग संतोषचा दगड आला. तो संपता संपता वैशाली गाडीवरून उतरली. मी थांबवली नव्हती, ती चालत्या गाडीवरून नुसती उतरली आणि शेजारून चालायला लागली.

"अगं, काय करतेस?"

"बघ ना. मी चालतेय, तू गाडीवर आहेस आणि आपण बरोबरच चाललोय."

"तू उतरलीस म्हणून आता वेग येईल."

वेग आला नाही. गाडीने दोन आचके दिले आणि ती ऐन वळणावर बंद पडली. मग पहिला गिअर, अर्धा दाबलेला क्लच, पिळलेला ऍक्सिलरेटर आणि जळका वास असा कार्यक्रम झाला. गाडी जेमतेम चालायला लागताच काटकसर म्हणून मी भराभर पुन्हा पाचवा टाकला. पुढच्या वळणावर पुन्हा बंद. संपूर्ण घाट आम्ही असा चढलो. आज शांत डोक्याने विचार केल्यावर कळतं की माझं इंजिन कमी फिरत होतं हे खरं, पण ऍक्सिलरेटर पूर्ण उघडा असल्याने दर फिरकीला ते पोटभर पीत होतं, आणि वर प्रत्येक वेळी नव्याने उठून उभं राहायला वेगळं. दम लागायच्या आधीच खालचा गिअर टाकला असता तर तेच ओझं तिने हसत ओढलं असतं. त्या दिवशी हे कळलं नाही, कारण डोकं शांत नव्हतं.

वर पोचलो तेव्हा प्रशांत आणि उज्ज्वला कणीस खात होते. दुसरं.

"रस्त्यात फोटो काढत बसलात वाटतं दाजी," उज्ज्वला म्हणाली.

"एका दगडाचा काढायला हवा होता," मी म्हणालो.

ओतूरच्या पंपावर काय झालं त्याचा आकडा मी सांगणार नाही. आमच्या टाकीत पेट्रोल भरता भरता पंपावरच्या माणसाने वाकून गळती आहे का ते बघितलं, यावरून काय ते समजा.

सासुरवाडी

गावात कुणी अ‍ॅव्हरेज विचारत नाही. मुंबईत पाहुणा आला की आपण आधी विचारतो, ट्रॅफिक कुठे लागलं? इथे जो भेटला त्याने विचारलं, "जेवून जाणार ना?" सासूबाईंनी मासवड्या केल्या होत्या. ज्यांनी खाल्ल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, यात मासा नसतो. बेसनाच्या पोळीत तीळ, खोबरं, लसूण, कोथिंबिरीचं सारण भरून माशासारखी वडी थापायची, कापायची आणि काळ्या मसाल्याच्या रश्श्याबरोबर बाजरीच्या भाकरीशी खायची. प्रशांत मूळचा कोकणातला. लग्नानंतर पहिल्यांदा वाढली तेव्हा तो पानावर बराच वेळ काटे शोधत होता.

जेवताना वैशालीने निकाल जाहीर केला. "आई, गाडी विकतोय. फार पिते. प्रशांतची तशीच गाडी, तोच रस्ता, पण बघ कसं."

सासूबाईंनी माझ्या पानात रस्सा वाढला. "कोण चालवतं?"

"मीच," मी म्हणालो.

"जाताना आन् येतानाबी?"

"हो."

"आमच्याकडं गाय दूध कमी द्यायला लागली की तुमचे मामंजी लगेच बाजाराला काढायला निघायचे. मी म्हणायची, थांबा. आधी पिळणारा बदलून बघा."

प्रशांतने भाकरीत तोंड लपवलं. उज्ज्वलाने लपवलं नाही.

"म्हणजे जाताना गाड्या बदलायच्या!" ती म्हणाली. "दाजी आमची चालवतील, हे तुमची."

"चालेल," वैशाली म्हणाली. नुकतंच तिने गिअरच्या गाडीचं लायसन्स काढलं होतं, पवईला एका मोकळ्या रस्त्यावर रविवारी सराव करून. "आपल्या गाडीने प्रशांतच्या हातातही जास्त पेट्रोल खाल्लं तर खोट गाडीत. ती शेट्येला. नाही खाल्लं तर खोट तुझ्यात. गाडी राहील, पण मग चालवीन मी आणि तू मागे बसायचंस."

"कायमचं?" मी विचारलं.

"खोट जाईपर्यंत."

तिच्या आवाजावरून ही खोट कधी जायची नाही हे कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात गाडी धूत होतो. मनात म्हणत होतो, होऊ दे गाडीत खोट. निदान माझी अब्रू वाचेल. टेकडीवर बायकोच्या मागे बसून जायचं म्हणजे काय, तिथे प्रत्येक ओट्यावर एक समालोचक बसलेला असतो. तेवढ्यात ओसरीवर वैशालीचा फोन वाजला. शेट्ये होता आणि त्याचा आवाज फोनची गरज नसल्यासारखा असतो.

"वहिनी, ता मागचा सीट काढून टाकूचा काय? कॅन नीट बसतले. आणि हुकांसाठी दोन भोकां पाडूची लागतली."

मी हातातल्या फडक्याकडे बघितलं. फडकं मागच्या सीटवर होतं. ज्या जागी ती झोपायची, नेमक्या त्या जागी.

तिथल्या तिथे मी ठरवलं. गाडी वाचवायची असेल तर खोट माझ्यात निघाली पाहिजे. प्रशांत माझी गाडी चांगली चालवणार याची काळजी नव्हती. मला फक्त त्याची गाडी, मुलुंडपर्यंत, जमेल तितकी वाईट चालवायची होती. आयुष्यात पहिल्यांदा मी घरून हरायचं ठरवून निघालो.

उतार

प्रशांतच्या गाडीवर बसलो, मागे वैशाली आणि बाजूच्या हुकाला सासूबाईंनी दिलेला मासवड्यांचा डबा. आता वाईट चालवायला सुरुवात करू म्हणून मी विचार करू लागलो. वाईट चालवणारा माणूस काय करेल? लवकर पाचव्यात जाईल. मी आधीच पाचव्यात होतो. छोट्या चढावर खाली उतरणार नाही. मी उतरलो नव्हतो. उतार आला की गाडी न्यूट्रलला टाकेल. माझा डावा पाय आपणहून न्यूट्रलकडे गेला होता. माझ्या हळूहळू लक्षात आलं की मुद्दाम असं काही करायची गरजच नाही. नेहमीसारखं चालवलं तरी पुरतंय.

हा न्यूट्रल माझा जुना काटकसरीचा उपाय. पुढे प्रशांत मात्र गिअरातच, ऍक्सिलरेटर पूर्ण सोडून, निवांत उतरत होता. हल्लीच्या गाड्या असं केलं की उतारावर इंजिनाचं पेट्रोल आपोआप बंद करतात आणि इंजिन गाडीला मागे ओढून धरतं. न्यूट्रलला इंजिन बिचारं नुसतं चालू राहायला पीत बसतं आणि सगळा भार ब्रेकवर. हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की ब्रेक हाताला मऊ लागतोय आणि पुढून वास येतोय.

"थांब," वैशाली म्हणाली. तिने माझा खांदा इतका घट्ट धरला होता की दोन दिवस वळ राहिला. मी कशीबशी गाडी बोगद्याच्या पुढे कठड्याशी थांबवली. इथे मात्र माझं हसू गेलं. हरायचं होतं ते मला एकट्याला, तिला घेऊन नव्हे. मनाशी म्हटलं, ब्रेक थंड झाल्याशिवाय हलायचं नाही, आणि पुढचा उतार गिअरातच.

इंजिन मी बंद केलं नाही. पुन्हा सुरू करायला जास्त पेट्रोल लागतं, हाही माझाच सिद्धांत. आम्ही दोघं कठड्याशी उभं राहून खालची दरी बघत होतो. मागे इंजिन फुरफुरत होतं आणि त्या आवाजात माकडांनी डबा उघडल्याचा आवाज बुडून गेला.

वैशालीने वळून बघितलं. एक मोठं माकड प्रशांतच्या गाडीच्या सीटवर बसून मासवडी खात होतं. शांतपणे. दुसरं त्याच्या हातातली मागत होतं आणि ते देत नव्हतं.

"हाकल ना!"

मी "हाड" म्हणालो. माकडाने मला दात दाखवले आणि रिकामा डबा दरीत टाकून दिला. सासूबाईंचा स्टीलचा डबा, वर नाव कोरलेला.

उरलेला उतार मी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरात उतरलो. ब्रेकला फारसा हात लावावा लागला नाही. मला हे जमतं याचं मलाच आश्चर्य वाटलं आणि थोडी भीतीही, की शेवटी अ‍ॅव्हरेज चांगलं निघतं की काय. पण तळाला सपाट रस्ता लागला, कल्याणचं ट्रॅफिक आलं आणि माझ्या सवयी सुखरूप परत आल्या.

पुन्हा मुलुंड

पंपावर त्याच बाई होत्या. त्यांनी मला ओळखलं आणि नळी माझ्यापासून लांब धरली.

प्रशांतच्या टाकीत जितकं गेलं ते बघून प्रशांत बराच वेळ आपल्या गाडीकडे बघत राहिला. वाईट संगतीतून घरी आलेल्या मुलाकडे बाप बघतो तसा. आमच्या गाडीची टाकी मात्र जरासं घेऊन भरली. प्रशांतने तिच्या सीटवर हात ठेवला.

"साडूभाऊ, तुमची गाडी लोणी आहे."

एवढं मोठं वाक्य त्याने कधी माझ्याबद्दल उच्चारलं नव्हतं. हेही माझ्याबद्दल नव्हतं म्हणा. पण मला इतका आनंद झाला की मी पंपावरच हसायला लागलो. उज्ज्वला म्हणाली, "ताई, दाजींना ऊन लागलं बहुतेक."

वैशालीने माझ्यासमोर हात पुढे केला. मी चावी दिली.

असल्फ्याच्या पायथ्याशी शेट्ये डेअरीच्या दारात उभा होता. त्याने आधी गाडीकडे बघितलं, मग पुढे बसलेल्या वैशालीकडे, मग मागे बसलेल्या माझ्याकडे.

"काय मिलिंदशेठ, हाताक लागला काय?"

"गाडी विकायची नाही, शेट्ये," वैशाली म्हणाली. "गाडी चांगली आहे."

"मगे वायट काय होता?"

वैशालीने गाडी पुढे काढली. टेकडीचा चढ सुरू झाला. पहिल्या ओट्यावरचे भालेराव काका पेपर खाली ठेवून उठून उभे राहिले, झेंडावंदनाला उठतात तसे. अर्ध्या चढावर वैशालीने मान किंचित मागे केली.

"एक विचारू? हरल्यावर तू हसत होतास."

"हं."

"येताना मुद्दाम तसं चालवलंस ना? गाडी राहावी म्हणून?"

आता बघा. हो म्हणालो असतो तर मी नवरा म्हणून एकदम मोठा झालो असतो, त्यागी वगैरे. पण मग परीक्षा खोटी ठरली असती. पुन्हा गाड्या बदला, पुन्हा टाक्या भरा, आणि शेट्ये अजून दारातच उभा होता. शिवाय अर्धीअधिक गोष्ट खोटीही झाली असती. मी तिच्या पाठीला धरून बसलो होतो. पहाटेच्या रात्रपाळ्यांत ती जशी माझ्या पाठीला धरून बसायची तसा.

"छे गं," मी म्हणालो. "मी असाच चालवतो."

"नक्की?"

"नक्की. भालेराव काकांना विचार."

पुढचं उभं वळण यायच्या आधीच तिने तिसऱ्यातून दुसरा टाकला. गाडीने हूं की चूं केलं नाही. मीही केलं नाही.